जुन्या ध्वनिमुद्रणांचे रूपांतर आणि प्राथमिक शाळेचे कर्तव्य
(अंबरनाथ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



शाळेच्या कपाटात हजेरीपट, दाखल्यांची नोंदवही आणि जडवस्तुसंग्रह यांची काळजी घेण्याची शिस्त प्राथमिक शिक्षकाच्या अंगी पूर्वीपासून मुरलेली आहे. परंतु त्याच कपाटाच्या तळच्या खणात कॅसेटींचा एखादा डबा, बंद पडलेला टेपरेकॉर्डर, जुन्या भ्रमणध्वनीतील मेमरी कार्ड किंवा नाव न लिहिलेली एखादी तबकडी पडलेली असते, तिची नोंद बहुधा कोठेही नसते. कागद जुना झाला तरी डोळ्यांनी वाचता येतो. ध्वनीचे तसे नाही. ज्या यंत्रावर तो मुद्रित झाला ते यंत्र गेले, किंवा ज्या पद्धतीने तो साठवला ती पद्धत मागे पडली, की आवाज जवळ असूनही तो मुका होतो. अशा मुक्या होत चाललेल्या आवाजांना नव्या स्वरूपात कसे आणावे आणि त्यात कोणत्या चुका टाळाव्यात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे तो दगडावर टिकला, कारण तो वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. लिपी जाणणारा माणूस पुरेसा आहे. त्या मंदिराच्या काळी या परिसरातील माणसे कशी बोलत होती, कोणते हेल काढीत होती, हे मात्र कोणालाही ऐकता येणार नाही. मानवी आवाज मुद्रित करून पुन्हा ऐकविण्याची कला एडिसनने १८७७ साली सिद्ध केली. म्हणजे ध्वनीचा लेखी इतिहासासारखा इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. तेवढ्या अल्प काळातही मेणाचे नळकांडे, लाखेची तबकडी, फिरकीची टेप, कॅसेट, सीडी आणि संगणकातील फाइल अशी एकामागून एक रूपे आली व गेली. कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीने आणली आणि सीडी १९८२ साली बाजारात आली. आज मुलांच्या हाती जो भ्रमणध्वनी आहे त्यात यांपैकी काहीही घालता येत नाही.

रूपांतर वेळेवर झाले तर काय लाभते याची दोन उदाहरणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचे. या सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. आगरी, ठाकरी, कातकरी अशा, आपल्या शाळांतील मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या बोलींची दखल त्यात घेतली आहे. त्याच सर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात देशातील अनेक भाषांची व बोलींची ध्वनिमुद्रणे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर करण्यात आली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे बोलणे मावे. पुढे त्या तबकड्यांवरील आवाज संगणकीय स्वरूपात आणला गेला आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयाने तो सर्वांस खुला केला. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे बोलणे आज खेड्यातील शिक्षकासही ऐकता येते, ते या रूपांतरामुळेच.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. १९९०च्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सहभागी झाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण नोंदींसह संगणकीय स्वरूपात सिद्ध झाले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून या ओव्या आवाजासह लोकांसमोर येऊ लागल्या. या मधल्या काळात काय घडले हे पाहावे. घरोघरी पिठाची गिरणी पोहोचली व जाते कोपऱ्यात गेले. त्या काळी संशोधकांत रूढ असलेल्या ‘डॅट’ नामक टेपची यंत्रे सोनी कंपनीने २००५ साली बनविणे थांबविले. गाणाऱ्या पुष्कळ स्त्रिया आज हयात नाहीत. आवाज वेळीच नव्या स्वरूपात आणला नसता, तर ओव्यांचे शब्द वहीत राहिले असते. परंतु ओवी कोठे लांबवावी, कोठे श्वास घ्यावा, कोणत्या शब्दावर गळा भरून येतो, हे सर्व लोपले असते.

आता आपल्या परिसराकडे वळावे. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले नगर. १९४९ साली त्यास हे नाव मिळाले. सिंध प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. त्यांच्या आठवणी व त्यांची गाणी राहिली असतील तर ती घरच्या जुन्या कॅसेटींतच. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत व इतर कारखान्यांत ठिकठिकाणचे लोक कामास आले आणि आपापली बोली घेऊन आले. बदलापूरच्या आसपास व मलंगगडाच्या पायथ्याशी आगरी, कुणबी, ठाकर व कातकरी वस्ती आहे. आगरी लग्नात धवलारीण जे धवले गाते, ते पाठांतराने चालत आलेले विधिगीत आहे. कातकरी समाजाची गणना शासनाने विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली असून त्यांची बोली नव्या पिढीच्या तोंडून हळूहळू सुटत आहे. या सर्वांच्या आवाजांचे लहानमोठे साठे कोणत्याही मोठ्या संग्रहालयात नाहीत. ते लग्नाच्या कॅसेटीत आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या टेपमध्ये आहेत, कोणा शिक्षकाने दहापंधरा वर्षांपूर्वी साध्या भ्रमणध्वनीवर केलेल्या मुद्रणात आहेत.

रूपांतर करण्यापूर्वी ध्वनीची फाइल म्हणजे काय, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. आवाज म्हणजे हवेतील कंपने. संगणक या कंपनांचे क्षणोक्षणी मोजमाप करून ते आकड्यांनी लिहून ठेवतो. सीडीवर दर सेकंदास ४४,१०० वेळा असे मोजमाप घेतलेले असते. हे सर्व आकडे जसेच्या तसे ठेवले तर ती ‘वेव्ह’ फाइल होय. ती पूर्ण असते, पण जागा फार व्यापते. दोन बाजूंच्या ध्वनीच्या एका मिनिटास सुमारे साडेदहा एमबी लागतात. जागा वाचविण्यासाठी दोन मार्ग निघाले. पहिल्या मार्गात आकडे घडी घालून ठेवतात व उलगडले की ते तंतोतंत परत मिळतात. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ ही पद्धत या प्रकारची आहे. दुसऱ्या मार्गात जो भाग कानास फारसा जाणवणार नाही असे यंत्रास वाटते, तो टाकूनच देतात. ‘एमपीथ्री’, ‘डब्ल्यूएमए’ आणि जुन्या भ्रमणध्वनींतील ‘एएमआर’ या पद्धती या वर्गात मोडतात.

यांपैकी एएमआर पद्धतीविषयी शिक्षकांनी विशेष सावध असावे, कारण खेड्यांतील पुष्कळ मुद्रणे याच स्वरूपात आहेत. दूरध्वनीवरचे बोलणे कमीत कमी खर्चात पोहोचावे यासाठी ती योजलेली आहे. दर सेकंदास केवळ ८,००० मोजमापे घेतली जातात, म्हणून सुमारे साडेतीन हजार कंपनांच्या वरचा आवाज तीत येतच नाही. ‘स’ या वर्णाचा सूसकार बहुतांशी याहून वरच्या पट्टीत असतो. त्यामुळे अशा मुद्रणात ‘स’ व ‘श’ यांतील भेद पुसट होतो. एका मिनिटाची एएमआर फाइल सुमारे ९० केबीची असते. तिचे नेहमीच्या प्रतीच्या एमपीथ्रीत रूपांतर केले की ती जवळजवळ एक एमबीची, म्हणजे दहापट मोठी होते. आकार वाढला म्हणजे आवाज सुधारला, असा समज होतो. तो चुकीचा आहे. साय काढलेले दूध पितळी लोट्यात ओतले म्हणून त्यावर साय परत धरत नाही. उलट, टाकाऊ ठरविलेला भाग टाकणाऱ्या एका पद्धतीतून दुसऱ्या तशाच पद्धतीत आवाज नेला, की दर खेपेस आणखी काही थोडे गळते.

म्हणून रूपांतराचा पहिला नियम असा की मूळ प्रत कधीही नष्ट करू नये. समजा, एका वाडीवरील शाळेत २००९ साली शिक्षकाने एका आजीबाईंकडून भात लावणीची गाणी भ्रमणध्वनीवर घेतली. आजीबाई पुढे वारल्या. नव्या भ्रमणध्वनीत ती फाइल उघडेना, तेव्हा इंटरनेटवरील एका मोफत संकेतस्थळावर ती चढवून एमपीथ्री करून घेतली आणि जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. वर्गात ऐकविताना एका ओळीतील शब्द उमगेना. आता हा शब्द मुळातच अस्पष्ट होता की रूपांतरात बिघडला, हे ठरविण्यास कोणताही आधार उरला नाही, आणि विचारण्यास आजीबाईही नाहीत. फाइल टिकली, परंतु तिच्याविषयीची खात्री गेली. एक एमबीही जागा न अडविणारी मूळ फाइल ठेवली असती, तर हा प्रसंग आला नसता.

इंटरनेटवर परस्पर रूपांतर करून देणारी संकेतस्थळे सोयीची वाटतात, यात संशय नाही. त्यांत शिक्षकाची फाइल दूरच्या कोणा अनोळखी संगणकावर जाते, तेथे तिचे रूपांतर होते आणि नवी प्रत परत मिळते. तेथे राहिलेल्या प्रतीचे पुढे काय होते, हे शिक्षकास तपासता येत नाही. फाइलमध्ये भात लावणीचे गाणे असेल तर हानी कदाचित थोडी. पण वर्गातील मुलांची नावे घेऊन केलेले वाचन, किंवा एखाद्या मुलीने घरच्या अडचणीविषयी सांगितलेले बोल असतील, तर तो आवाज परक्याच्या हाती देण्याचा अधिकार शिक्षकास नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरास पालकाच्या पडताळलेल्या संमतीचे तत्त्व घातले आहे. शिवाय अशा संकेतस्थळांच्या वेषात फसवणूक करणारेही असतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर येथील कार्यालयाने, मोफत रूपांतर करून देण्याच्या निमित्ताने संगणकात घातक प्रणाली शिरविल्या जात असल्याचा जाहीर इशारा दिला होता. शाळेच्या ज्या संगणकावर विद्यार्थ्यांची नोंद असते, त्यावर असा धोका पत्करणे योग्य नव्हे.

सुदैवाने याची गरजही नाही. ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली २००० सालापासून मोफत उपलब्ध आहे आणि ‘व्हीएलसी’ ही फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रयत्नातून निघालेली प्रणालीही तशीच मोफत आहे. ती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. एकदा संगणकावर बसविली की पुढे इंटरनेट नसले तरी काम चालते आणि फाइल शाळेच्या बाहेर जात नाही. ऑडॅसिटीत एएमआर किंवा डब्ल्यूएमए फाइल उघडण्यासाठी ‘एफएफएमपेग’ नावाचा पूरक संच जोडावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ‘एएमआर’च्या जागी ‘एमपीथ्री’ लिहिले म्हणजे रूपांतर होत नाही. पोत्यावर गहू लिहिल्याने आतले भात गहू होत नाहीत.

कॅसेटीच्या बाबतीत कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम कॅसेटीच्या मागील कडेची दोन लहान प्लास्टिकची पाती मोडावीत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये. ती कॅसेट वेगळी ठेवून जाणकारास दाखवावी. टेपरेकॉर्डरचे हेड कापसाने व स्पिरिटने पुसून घ्यावे. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणावी. यंत्र बंद असेल तर उल्हासनगर, कल्याण येथील दुरुस्तीच्या दुकानांत चौकशी करावी. पट्टा बदलला की पुष्कळ टेपरेकॉर्डर पुन्हा चालू लागतात. त्यानंतर टेपरेकॉर्डरमधून येणारी तार संगणकास जोडून मुद्रण करावे. ध्वनिसंग्रहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या मुद्रणांसाठी दर सेकंदास किमान ४८,००० मोजमापे व २४ बिट हे प्रमाण सुचविले आहे, तेच ठेवावे. आवाजाची पातळी वरच्या रेषेस टेकू देऊ नये, कारण तेथे कापला गेलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. एक बाजू मध्ये न थांबता पूर्ण उतरवावी. एक तासाच्या कॅसेटीची एकपदरी वेव्ह फाइल सुमारे ५२० एमबीची होते. ही झाली जतनाची प्रत. तिच्यावर कापाकापी करू नये. वर्गात ऐकविण्यासाठी तिच्यापासून एमपीथ्रीची वेगळी लहान प्रत करावी व हवे ते छाटणे त्या प्रतीवर करावे. शेवटी नवी फाइल आरंभापासून अंतापर्यंत एकदा ऐकावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळल्यास अर्धवट उतरलेल्या फायली पूर्ण समजून ठेवल्या जातात.

बदलापूर या नावाविषयी लोकांत असे सांगतात की येथे पूर्वी प्रवासी आपले घोडे बदलीत असत. ध्वनीच्या रूपांतराचे वर्म या सांगण्यात सापडते. थकलेला घोडा बदलावा, पण प्रवासी तोच राहावा आणि त्याचे सामानही मागे पडू नये. आवाजाचे सामान म्हणजे त्याची ओळख. कोण बोलले, कोणत्या गावचे, कोणत्या बोलीत, कोणत्या दिवशी, कोणी मुद्रण केले आणि ते इतरांस ऐकविण्यास बोलणाराची संमती आहे काय, या सहा गोष्टी प्रत्येक फाइलीबरोबर लिहून ठेवाव्यात. फाइलच्या नावात दिनांक, गाव व विषय यावा आणि सविस्तर नोंद शाळेच्या एका वहीत हाताने करावी. ओळख नसलेला आवाज अनाथ होतो. कॅसेटीच्या वेष्टनावरील शाईची अक्षरे पुसट होण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेणेही उपयोगी ठरते.

जतनाची प्रत एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखेच होय. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा परिसरात कपाटाच्या तळच्या खणात ठेवलेल्या एकुलत्या एका पेनड्राइव्हचा भरवसा धरता येत नाही. एक प्रत शाळेत उंच जागी, एक केंद्रशाळेत आणि एक ज्या कुटुंबाचा तो आवाज आहे त्यांच्या स्वाधीन, अशा तीन प्रती असाव्यात. कुटुंबास प्रत देणे हे केवळ सौजन्य नसून ते त्यांचे देणे आहे. वर्षातून एकदा, उन्हाळी सुटीपूर्वी, प्रत्येक प्रत उघडून पाहावी.

या उद्योगाचा वर्गातील अध्यापनाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. कातकरी वाडीवरून आलेले मूल पहिल्या दिवशी वर्गात गप्प बसते, कारण तेथील एकही शब्द त्यास आपला वाटत नाही. त्याच वर्गात त्याच्या वाडीतील वृद्धेचा आवाज ऐकू आला, तर या शाळेत आपल्या माणसांनाही जागा आहे, हे त्यास न सांगता कळते. आगरी बोलीत पुष्कळ ठिकाणी ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’ येतो. त्यास अशुद्ध म्हणून हसण्याऐवजी ध्वनिमुद्रण ऐकवून घरचा शब्द व पुस्तकातील शब्द यांची जोडी मुलांकडून लिहवून घ्यावी. अशा पाठात श्रवण, लेखन व परिसर अभ्यास ही तिन्ही अंगे एकत्र येतात. राज्य मराठी विकास संस्था व पुण्याचे डेक्कन महाविद्यालय यांनीही मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष बोलण्याची मुद्रणे केली आहेत. त्यांची मदत वरच्या वर्गांना घेता येईल.

काम मोठे आहे, पण त्याचा आरंभ लहान असू शकतो. पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने आपल्याकडील व गावातील जुन्या ध्वनिमुद्रणांची एक यादी करावी. रूपांतराची घाई करू नये, परंतु यादीस विलंब लावू नये. यादी झाल्यावर ज्या मुद्रणातील माणसे वृद्ध आहेत ते प्रथम घ्यावे, कारण अस्पष्ट शब्दाचा अर्थ सांगणारे माणूस समोर असताना केलेल्या कामास जी किंमत आहे ती मागाहून केलेल्या कामास नाही. त्यानंतर बुरशी धरू लागलेल्या कॅसेटी आणि मग मेमरी कार्डे, असा क्रम ठेवावा. ज्या शाळेत संगणक नाही तिने यादी व कॅसेटी केंद्रशाळेकडे न्याव्यात आणि तेथील शिक्षकांनी त्या पोच देऊन घ्याव्यात. यंत्रे बदलत राहतील आणि आज सांगितलेल्या पद्धतीही काही वर्षांनी जुन्या होतील. त्या वेळी शाळेत येणाऱ्या शिक्षकास मूळ प्रत, नीट लिहिलेली वही आणि बोलणाराची संमती एवढे हाती मिळाले, तर पुढचा घोडा तो स्वतः शोधून घेईल.